सेल नवे, आतले दिवे लागतात, तरी शटर पडत नाही: मिनोल्टा एक्स-७०० चा परत परत येणारा दोष

लक्षणं आधी नीट सांगतो, कारण ती ओळखता आली की अर्धं काम होतं. बटणावर बोट टेकवलं की व्ह्यूफाइंडरमधले लाल दिवे लागतात. उजेड कमी-जास्त केला की ते वर-खाली सरकतात, म्हणजे मीटर ठणठणीत आहे. पण बटण पूर्ण दाबलं की काहीच होत नाही. आरसा हलत नाही, आवाज नाही. फिल्म पुढे नेणारा लीव्हर ओढायला गेलं तर तोही अडकलेला. मग सेल काढून नवे घातले की कॅमेरा पुन्हा चालतो. पाच-पंधरा फोटो निघतात, कधी पूर्ण रोल निघतो. आणि नंतर एखाद्या गार सकाळी, किंवा महिनाभर कपाटात राहिल्यावर, तोच प्रकार.

या चक्रात अडकलेले लोक एकच निष्कर्ष काढतात: कॅमेरा सेल खातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्यापायी चांगले कॅमेरे भंगारात जातात किंवा सुटे भाग म्हणून विकले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नवे सेल घातल्यावर कॅमेरा चालतो, म्हणजे दोष जुन्या सेलांमध्येच होता असं ठरत नाही. दोष बहुधा एका छोट्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या भागात असतो. नव्या सेलांचं किंचित जास्त व्होल्टेज त्याला काही दिवस ढकलत नेतं, इतकंच.

मी इथे १९८१ साली आलेल्या एक्स-७०० बद्दल लिहितोय. त्याच घराण्यातल्या एक्स-५०० आणि एक्स-३०० मध्येही, जे अमेरिकेत एक्स-५७० आणि एक्स-३७० या नावांनी विकले गेले, शटर सोडण्याची कल्पना हीच आहे. भागांच्या जागा थोड्या इकडे-तिकडे असतील, पण तपासाची दिशा बदलत नाही.

बटण दाबल्यावर आत काय घडतं

या कॅमेऱ्यात बटण आणि शटर यांच्यात थेट यांत्रिक जोड नाही. बटण फक्त विजेचे संपर्क जुळवतं. आरसा आणि शटरच्या पडद्यांची यंत्रणा लीव्हर ओढताना स्प्रिंगांनी ताणली जाते आणि एका छोट्या लोखंडी पट्टीवर अडकून राहते. ही पट्टी एका चुंबकाला चिकटलेली असते. चुंबक कायमचा आहे, म्हणून कॅमेरा ताणलेल्या अवस्थेत कितीही वेळ ठेवला तरी पट्टी धरून ठेवायला वीज लागत नाही. त्या चुंबकावर तारेचं वेटोळं आहे. बटण दाबल्यावर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एका झटक्यात त्या वेटोळ्यातून जाते, उलट्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर तयार होतं, कायम चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग पट्टीला ओढून घेते. पुढचं सगळं यांत्रिक आहे.

म्हणजे सगळा खेळ त्या एका झटक्याच्या जोरावर आहे. झटका जरासा कमी पडला की पट्टी सुटत नाही. अर्धवट सुटणं असा प्रकारच नाही. म्हणून हा दोष हळूहळू वाढत असला तरी वापरणाऱ्याला तो अचानक आल्यासारखा वाटतो.

झटका थेट सेलमधून का घेत नाहीत? बटणाएवढ्या सेलांना एकदम एवढा प्रवाह देता येत नाही, त्यांचं व्होल्टेज लगेच कोसळतं. म्हणून कपॅसिटर मध्ये ठेवला आहे. तळाशी असलेला हा कपॅसिटर साधारणपणे २२० मायक्रोफॅरड, ४ व्होल्टचा असतो. आता हिशेब बघा. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन नवे सिल्व्हर ऑक्साइड सेल मिळून ३.१ व्होल्ट देतात, तेव्हा कपॅसिटरमध्ये सुमारे १.०६ मिलिजूल साठतात. दोन थोडे वापरलेले अल्कलाइन सेल मिळून २.६ व्होल्ट देत असतील तर उरतात ०.७४ मिलिजूल. व्होल्टेज उतरलं १६ टक्के, झटक्यातली ऊर्जा गेली ३० टक्के. तंदुरुस्त कपॅसिटर असेल तर एवढी घट सहज पचते. थकलेला कपॅसिटर आधीच काठावर असतो, आणि तिथे नवे-जुने सेल हाच फरक निर्णायक ठरतो. सेल बदलून तात्पुरतं बरं वाटण्याचं रहस्य हे आहे.

कपॅसिटर थकतो म्हणजे काय, तेही सांगतो. आतलं द्रव रसायन रबरी बुचातून वर्षानुवर्षं उडून जातं. साठवण कमी होते आणि, त्याहून वाईट, अंतर्गत रोध वाढतो. टाकी भरलेली पण तोटी गंजलेली, अशी ती अवस्था असते: वीज आत आहे, पण एकदम बाहेर येत नाही. थंडीत हा रोध आणखी वाढतो, सेलही मंदावतात, म्हणून गार हवेत अडणारा कॅमेरा हातात थोडा ऊबदार झाला की चालू लागतो. तुमच्या कॅमेऱ्याचं असं होत असेल तर संशयाची सुई सरळ इकडे वळवा.

उघडण्याआधी करायच्या गोष्टी

लीव्हर अडकलाय म्हणून त्यावर जोर लावू नका, ही पहिली विनंती. शटर पडलेलं नाही, यंत्रणा ताणलेलीच आहे, म्हणून लीव्हर पुढे जात नाही. ती मोड नाही, रचनाच तशी आहे. जोर लावलात तर विजेच्या साध्या दोषात आतल्या चाकांचे दात तुटण्याची भर पडेल, आणि ते दुरुस्त करणं फार कठीण आहे. आत रोल असेल तर तो अडकलेल्या अवस्थेतही वाचवता येतो: तळाचं रिवाइंड बटण दाबून फिल्म गुंडाळून घ्या आणि मगच मागचं दार उघडा.

मग सेल. एलआर४४ अल्कलाइन असतात आणि त्यांचं व्होल्टेज वापरागणिक घसरत जातं. एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड असतात आणि जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतात. तपासासाठी एसआर४४ ची नवी जोडी किंवा सीआर१/३एन हा ३ व्होल्टचा एकच लिथियम सेल वापरा. नुसता मल्टिमीटर लावून सेल "चांगले आहेत" म्हणू नका. सेलवर भार नसताना मेलेला सेलही बऱ्यापैकी आकडा दाखवतो.

सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी कीट असेल तर ती अल्कलाइन सेल गळल्याची खूण आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात कापूस-काडी किंचित बुडवून ती पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून वाळू द्या. झाकणावरचा संपर्कही विसरू नका, लोक तळ घासतात आणि झाकण तसंच ठेवतात.

मुख्य स्विच चालू-बंद असा वीस-तीस वेळा फिरवा. पितळी संपर्कावरचा काळपटपणा यानेच बऱ्याचदा निघतो. शटरचं डायल ऑटोवर ठेवू नका, १/६० वर ठेवा, म्हणजे उजेड, लेन्सचं छिद्र आणि लेन्सची जुळणी हे प्रश्न बाजूला पडतात. (असा वेग हाताने लावलेला असताना दिसणारा दिवा मीटरने सुचवलेला वेग दाखवतो, तुम्ही लावलेला नाही. तो जुळत नाही म्हणून घाबरू नका.) आणि बटण उघड्या बोटाने दाबा. या कॅमेऱ्याचं बटण स्पर्शाने मीटर जागं करतं, हातमोजा असेल किंवा बोट अगदी कोरडं असेल तर दिवे लागायला उशीर होतो.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी, जिला एकही स्क्रू काढावा लागत नाही. सेल्फ-टायमर लावा आणि बटण दाबा. पुढचा लाल दिवा लुकलुकायला लागला, दहा सेकंदांत त्याचा वेग वाढत गेला, आणि शेवटी तो विझला पण आरसा हललाच नाही, तर तुम्हाला खूप काही कळलं. सेल वीज देतायत. बटणाचे संपर्क जुळतायत. आतली चिप वेळ मोजतेय आणि तिने शटर सोडण्याची वेळ आणून दिली. राहिलं काय? शेवटचा झटका आणि चुंबक. याउलट टायमरचा दिवाच लागला नाही, तर कपॅसिटरच्या मागे लागू नका. आधी स्विच, बटण आणि सेलच्या तारा बघा.

तळाचं झाकण काढल्यावर

सेल काढा. जपानी स्क्रूंना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा ड्रायव्हर लागतो. नेहमीचा फिलिप्स त्या खाचेत नीट बसत नाही आणि डोकं खरवडतो. स्क्रू कुठून काढला ते कागदावर कॅमेऱ्याच्या तळाचं चित्र काढून त्यावरच ठेवा, कारण लांबी सारखी नसते. अंगावरची स्थिर वीज काढायला मनगटाचा पट्टा बांधा. चिप जुनी आहे, आणि तिच्यासारखी नवी आता कुठे बनत नाही.

एक गोष्ट धीर देणारी आहे: या कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश नाही, त्यामुळे आत ३ व्होल्टच्या वर धोकादायक असं काही नाही. मात्र ही पद्धत शिकून फ्लॅश असलेला छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा उघडायला जाऊ नका. त्यांच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज असते आणि सेल काढल्यावरही ती राहते.

झाकण काढल्यावर छोट्या नळकांड्यासारखा किंवा थेंबासारखा कपॅसिटर, आणि चुंबक व त्याला टेकलेली लोखंडी पट्टी शोधा. यंत्रणा ताणलेली असताना टोकदार लाकडी काडीने ती पट्टी चुंबकापासून हलकेच सोडवा. आरसा उडाला आणि पडदे धावले, तर यंत्रणा निरोगी आहे. वेगाकडे आत्ता लक्ष देऊ नका, हा मार्ग नेहमीचा नाही. काडीनेही काही हललं नाही तर दोष यांत्रिक आहे, वंगण घट्ट झालं आहे किंवा एखादा दांडा अडला आहे, आणि पुढचा मजकूर तुमच्या कामाचा नाही.

पट्टी आणि चुंबक यांच्यातली घाण हा दुसरा संशयित. पण तिची लक्षणं वेगळी असतात. पट्टी सुटतच नसेल तर दोन गोष्टी असू शकतात: झटका कमजोर, किंवा मध्ये तेलकट चिकटा. पण लीव्हर ओढताना शटर आपोआप सुटत असेल, यंत्रणा धरूनच राहत नसेल, तर मध्ये कण अडकून पकड सैल झाली आहे असं समजा. सगळ्या वेगांना शटर सारखंच झटपट पडत असेल तर बघायचा तो चुंबक वेगळा, दुसरा पडदा धरून ठेवणारा. तिन्हींचं औषध एकच: चांगल्या जाड कागदाची अरुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोघांच्या मधून ओढा, मग कोरडी ओढा. पॉलिश पेपर लावू नका. ते पृष्ठभाग मुद्दाम अतिशय सपाट केलेले असतात आणि पकड त्यावरच अवलंबून असते.

सफाईनंतरही अडत असेल तर सेल घाला, स्विच चालू करा आणि कपॅसिटरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावा. बटण अर्धं दाबलेलं असताना तिथलं व्होल्टेज सेलांच्या जवळपास आलं पाहिजे. फार कमी असेल तर कपॅसिटर आतून गळतो आहे, किंवा सेलपासून तिथपर्यंतच्या वाटेत कुठेतरी रोध आहे. तो शोधायला मीटरचं एक टोक सेलच्या प्लसवर आणि दुसरं तारेच्या पलीकडच्या टोकावर ठेवा. दिवे लागलेले असताना तिथे शून्याच्या जवळचा आकडा हवा. गळलेल्या सेलाचं रसायन तारेच्या प्लॅस्टिकखालून लांबपर्यंत चढतं, आणि बाहेरून चांगली दिसणारी तार आतून काळी पडलेली असते. अशी तार खरवडून डाख लावण्यात वेळ घालवू नका, काळ्या तांब्याला डाख धरतच नाही. पूर्ण तार बदला.

व्होल्टेज बरोबर आहे, तरी शटर पडत नाही, ही खरी कपॅसिटरची खूण. आणि इथे एक साधी युक्ती निकाल देते. २२० मायक्रोफॅरडचा चांगला नवा कपॅसिटर घ्या, प्लस प्लसला आणि मायनस मायनसला असा, जुना न काढता त्याच्या पायांना समांतर टेकवून धरा, आणि बटण दाबा. लगेच शटर पडलं, लीव्हर ओढून पुन्हा दाबल्यावर पुन्हा पडलं, आणि नवा बाजूला केल्यावर पुन्हा अडलं, तर आणखी कसला पुरावा नको. ही चाचणी आतून गळणाऱ्या कपॅसिटरला लागू पडत नाही, पण त्याचा छडा वरच्या व्होल्टेजच्या मोजणीत आधीच लागलेला असतो. मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स मापनावर मात्र भरवसा ठेवू नका. वाढलेला अंतर्गत रोध त्यात दिसत नाही, आणि कपॅसिटर सर्किटमध्ये असताना आकडा तसाही खोटा येतो.

बदलताना

मूळ भागावरचा मायक्रोफॅरडचा आकडा वाचा आणि तेवढ्याचाच घ्या. जास्त मोठा कपॅसिटर घातला की झटका दमदार होईल असा मोह होतो, पण तो भरायला वेळ घेतो, आणि जागाही नसते. व्होल्टेजची मर्यादा मात्र वाढवा. मी टँटलम प्रकार घेतो, कारण त्यात सुकून जाण्यासारखं द्रव नसतं. टँटलमला मर्यादेच्या निम्म्या व्होल्टेजवर वापरायची चांगली सवय आहे, म्हणून ३ व्होल्टच्या कामाला ६.३ किंवा १० व्होल्टचा घ्यावा, जो जागेत बसेल तो.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. साध्या इलेक्ट्रोलिटिक (द्रव रसायनाच्या) कपॅसिटरवर छापलेली पट्टी मायनस दाखवते. टँटलमवरची पट्टी किंवा खूण प्लस दाखवते. जुना एका प्रकारचा आणि नवा दुसऱ्या प्रकारचा असेल तर पट्टीला पट्टी जुळवून बसवलेला कपॅसिटर उलटा बसतो, आणि उलटा टँटलम जळतो. म्हणून जुना काढण्याआधी मल्टिमीटरने प्लसची बाजू ठरवा आणि कॅमेऱ्यावर बारीक खूण करा.

जुना काढताना खाली तपकिरी डाग किंवा चिकट ओल दिसली तर ते गळलेलं रसायन आहे. डाख तापल्यावर मासळीसारखा वास येतो तो त्याचाच. अल्कोहोलने स्वच्छ करा, नाहीतर नवा भाग बसवूनही खालचा तांब्याचा पट्टा कुरतडला जात राहील. हे सर्किट लवचीक पट्टीवर छापलेलं असतं आणि उष्णतेने तांबं सुटून वर येतं. डाखणीचं टोक बारीक, तापमान ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, स्पर्श दोन सेकंदांच्या आत, आणि दोन स्पर्शांमध्ये थंड होऊ द्यायचं. फ्लक्स (डाख नीट धरायला मदत करणारं रसायन) लावा, म्हणजे घाई करावी लागत नाही. नव्या कपॅसिटरचे पाय दुमडताना ते कशाला टेकणार नाहीत याची काळजी घ्या. तळाचं झाकण धातूचं आहे, त्याच्या आतल्या बाजूला इन्सुलेशनची चिकटपट्टी लावलेली बरी.

जुना भाग काढण्याऐवजी नवा त्याच्याच पायांना डाखून मोकळं होणारे बरेच जण आहेत. मला ते पटत नाही. सुकलेला कपॅसिटर पुढे गळायलाही लागू शकतो, आणि मग नव्या कपॅसिटरची वीजही तो पिऊन टाकतो. तसंच दुसऱ्या बंद एक्स-७०० मधून काढलेला कपॅसिटर वापरू नका. चिप, स्विच, बटण हे भाग तिथूनच मिळतात, दुसरी वाट नाही. पण कपॅसिटर तेवढाच म्हातारा असतो.

तरीही अडत असेल तर

या कॅमेऱ्यात वरच्या झाकणाखालीही एक कपॅसिटर आहे, आणि तो थकल्यावरही शटर अडतं. तळाचा बदलून फरक पडला नाही तर संशय तिकडे न्यावा. पण वरचं झाकण काढणं हे वेगळ्या पातळीचं काम आहे. रिवाइंडची मूठ, लीव्हर, डायल काढावे लागतात, खालची लवचीक पट्टी नाजूक असते आणि ती दुमडून फाटली की कॅमेरा संपतो. हात बसलेला नसेल तर इथे थांबून जाणकाराकडे द्या, आणि तुम्ही केलेल्या चाचण्यांचे निकाल लिहून सोबत द्या: टायमर चालतो का, काडीने शटर सुटतं का, तळाच्या कपॅसिटरवर किती व्होल्ट आले. त्या चार ओळींनी त्याचा बराच वेळ वाचतो.

दुरुस्तीनंतर लगेच रोल घालू नका. रिकामा कॅमेरा सगळ्या वेगांवर चालवा, मग रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिलंच बटण दाबून बघा, कारण दोष उरला असेल तर तो त्या पहिल्या दाबण्यात उघडा पडतो. शक्य असेल तर अर्धे उतरलेले एलआर४४ मुद्दाम घालून तपासा. दिवे लागतायत तोवर त्या सेलांवरही शटर पडलं पाहिजे. पडत असेल तर काम पक्कं झालं. फक्त नव्या सेलांवर पडत असेल तर चुंबकाची सफाई पुन्हा करा आणि डाखाचे जोड भिंगाखाली बघा.